कार्डे मोजून झाली, आता रुपया कुठल्या घरात पोचला ते मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुलै 2024 पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली झाली आणि कुटुंबामागचे वर्षाचे संरक्षण दीड लाखावरून पाच लाख रुपयांवर गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर आयुष्मान भारत योजनेत सत्तरी गाठलेल्या सर्वांना उत्पन्नाची अट न लावता घेतले गेले. तेव्हापासून आरोग्याची बातमी म्हणजे किती कार्डे निघाली याचा आकडा, असे झाले आहे. कार्ड हवेच, त्याबद्दल तक्रार नाही. पण सरकार आणि महापालिका आरोग्यावर जो रुपया खर्च करतात तो शेवटी कोणत्या घरात जाऊन पडतो, याचा हिशेब पुण्यात कुठेही मांडलेला दिसत नाही. तो मांडण्याच्या पद्धती आरोग्य अर्थशास्त्रात कधीच्या तयार आहेत आणि त्यातल्या बऱ्याच साध्या त्रैराशिकापलीकडे जात नाहीत. महापालिकेच्या अंदाजपत्रकात आरोग्याच्या प्रत्येक मोठ्या प्रस्तावाला असा हिशेब जोडावा, यासाठी हे पत्र.

आधी एका घराचे गणित करू. महिन्याला 18,000 रुपये खर्च करणारे कुटुंब धरा, म्हणजे वर्षाला 2,16,000. घरातल्या एकाला मधुमेह आणि रक्तदाब आहे. गोळ्यांना महिन्याला 900 रुपये, तपासण्यांचे सरासरी 300. आजींच्या गोळ्यांचे 700. वर्षाला झाले 22,800, म्हणजे घरखर्चाच्या 10.6 टक्के. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांच्या हिशेबात आजारपणाचा खर्च घरखर्चाच्या 10 टक्क्यांवर गेला की तो आपत्तीकारक, म्हणजे घराला न झेपणारा, धरण्याची रीत 2025 पर्यंत होती; इथे तीच रेषा धरली आहे. या घरात कोणीही अॅडमिट झालेले नाही, तरी घर रेषेपलीकडे गेले. पाच लाखांचे कार्ड कपाटातच आहे, कारण या योजना मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. आयुष्मान भारतमध्ये भरतीच्या आधीचे 3 दिवस आणि नंतरचे 15 दिवस धरले जातात, रोजची गोळी धरली जात नाही. हाच 22,800 रुपयांचा खर्च महिन्याला 60,000 खर्चणाऱ्या घराला 3.2 टक्के पडतो.

त्यातून पहिल्या घरातले कोणी योजनेबाहेरच्या खासगी रुग्णालयात भरती झाले तर काय? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 75 व्या फेरीत (2017-18) शहरी भागात खासगी रुग्णालयातल्या एका भरतीचा सरासरी खर्च 38,822 रुपये निघाला होता आणि सरकारी रुग्णालयातला 4,837 रुपये, दोन्ही बाळंतपण सोडून. जुना आकडा जसाच्या तसा धरला तरी घराचा वर्षाचा आरोग्यखर्च 61,622 होतो, म्हणजे 28.5 टक्के. त्याच रीतीतली दुसरी, 25 टक्क्यांची रेषाही मागे पडली.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा 2013-14 मधल्या 64.2 टक्क्यांवरून 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आला. चांगली गोष्ट आहे. पण ही सरासरी आहे. कोणाचा खिसा किती हलका झाला हे तिच्यातून कळत नाही, आणि आपत्तीकारक खर्चाच्या मापातही एक फसवी जागा आहे. ज्या घराने पैसे नाहीत म्हणून उपचारच टाळले, त्याचा आरोग्यखर्च शून्य येतो आणि ते घर तक्त्यात सुरक्षित कुटुंबांच्या रकान्यात जाऊन बसते. म्हणून खर्चाच्या प्रश्नाशेजारी आणखी दोन प्रश्न विचारावेच लागतात: गेल्या वर्षात दुखणे अंगावर काढले का, आणि सुरू असलेली गोळी पैशांसाठी मध्येच बंद केली का. हे दोन प्रश्न नसलेली कोणतीही पाहणी गरीब वस्तीचे चित्र खऱ्याहून गुलाबी दाखवणार.

आता गोळ्यांकडे येऊ, कारण घरांचा पैसा तिथेच झिरपतो. सरकारी दवाखान्यात औषध नसले की हातात ‘बाहेरची चिठ्ठी’ पडते. औषध का नसते? निधी नसतो हे नेहमीचे उत्तर. तेवढेच खरे कारण आहे असे नाही. मागणीचा अंदाजच अनेकदा चुकीचा काढला जातो. समजा एका दवाखान्यात अॅम्लोडिपिन या रक्तदाबाच्या औषधाच्या 48,000 गोळ्या वर्षात वाटल्या गेल्या. 12 ने भागले, महिन्याला 4,000 आल्या, पुढच्या वर्षाची मागणी तेवढीच पाठवली. पण त्यातले चार महिने गोळी संपलेलीच होती. त्या महिन्यांचा वापर शून्य दिसतो, गरज शून्य नसते. भागाकार 8 ने करायला हवा होता, म्हणजे महिन्याला 6,000. रोज एक गोळी घेणारे 200 रुग्ण आणि मागणी 133 जणांपुरती. उरलेल्या 67 जणांना चिठ्ठी ठरलेली. पुढच्या वर्षी वापर आणखी कमी दिसतो, मागणी आणखी घटते. दवाखान्यातल्या औषध भांडार नोंदवहीत ‘साठा शून्य’चे दिवस लाल शाईने नोंदवणे आणि मागणी त्यावरून काढणे, याला फारसा खर्च येत नाही. त्यावर साधारण तीन महिन्यांचा राखीव साठा धरावा, कारण निविदा वेळेवर निघत नाहीत हे सर्वांना माहीत आहे. तमिळनाडूने 1994 मध्ये औषध खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढले; महाराष्ट्राने वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा 2023 मध्ये केला. महामंडळ असो की प्राधिकरण, खालून जाणारा आकडा चुकला तर वरून येणारा ट्रकही चुकीचाच येणार.

मोफत सेवेची दुसरी किंमत म्हणजे खाडा. ओपीडी सकाळची. घरकामगार, हमाल, कचरावेचक यांना सकाळ सोडणे म्हणजे दिवस सोडणे. पहिल्या दिवशी केसपेपर आणि तपासणी, दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त, तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आणि गोळ्या. तीन खाडे, रोजचे 500 रुपये धरले तर 1,500, वर बसभाडे. शेजारचा खासगी डॉक्टर संध्याकाळी सात वाजता 200 रुपयांत बघतो आणि गोळ्याही देतो. तो घराला स्वस्त पडतो. ‘लोक सरकारी दवाखान्यात येतच नाहीत’ असे म्हणणाऱ्यांनी ही बेरीज करून पाहावी. संध्याकाळची ओपीडी, एकाच फेरीत रक्त आणि गोळ्या, आणि स्थिर रुग्णाला 15 ऐवजी 30 दिवसांचे औषध: या तीन बदलांना नवी इमारत लागत नाही. उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात सुरुवातीच्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता; ठरलेली औषधे, ठरलेला क्रम आणि महिन्याभराचा साठा हाच त्याचा गाभा. पद्धत आपल्याच राज्यात वापरून झालेली आहे.

मुख्य हिशेब मात्र अनुदानाच्या वाटपाचा. कोणत्या सेवेवर सरकारचे किती पैसे जातात आणि ती सेवा कोणत्या आर्थिक गटाने किती वापरली, यांचा गुणाकार करायचा. कल्पित आकडे घेऊ. एका रुग्णालयात 1,000 ओपीडी भेटी, शुल्क वजा जाता प्रत्येकीवर अनुदान 250 रुपये. आणि 100 एमआरआय, प्रत्येकी अनुदान 3,000 रुपये. शहरातल्या लोकसंख्येचे ऐपतीनुसार पाच समान हिस्से पाडू. ओपीडीत सर्वांत गरीब पाचव्या हिश्शाच्या भेटी 300, सर्वांत सधन पाचव्या हिश्शाच्या 80. एमआरआयमध्ये गरीब 10, सधन 35. माणसे मोजली तर रुग्णालय गरिबांचे: 310 विरुद्ध 115. रुपये मोजले तर गरीब गटाला 75,000 अधिक 30,000, म्हणजे 1,05,000. सधन गटाला 20,000 अधिक 1,05,000, म्हणजे 1,25,000. दारात गर्दी गरिबांची, अनुदान सधनांकडे जास्त. ब्राझीलचे साथरोगतज्ज्ञ सेझार व्हिक्टोरा यांनी 2000 मध्ये मांडले होते की नवी आरोग्यसेवा आधी वरच्या थरात पोचते, दरी वाढते, आणि तो थर भरल्यावरच खाली उतरते. नव्या यंत्राच्या उद्घाटनाला फीत कापताना हे कोणाला आठवत नाही.

हा हिशेब करताना हमखास होणाऱ्या चुका सांगितल्या पाहिजेत. सर्वांत मोठी चूक म्हणजे रुग्णांचेच पाच समान गट पाडणे. तसे केले की प्रत्येक गटात 20 टक्केच येणार. त्यातून काहीच कळत नाही. गटांच्या सीमा शहराच्या लोकसंख्येवरून ठरवून आणायच्या आणि रुग्ण त्यात बसवायचे. त्यासाठी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची (2019-21) माहिती खुली आहे, पण तिचा देशपातळीवरचा संपत्ती निर्देशांक (घरातल्या वस्तू आणि सोयींवरून काढलेला आर्थिक स्तर) जसाच्या तसा घेतला तर जवळजवळ सगळे पुणे वरच्या दोन गटांत जाते. शहरी महाराष्ट्रापुरता तो नव्याने काढावा. रेशनकार्डाच्या रंगावर विसंबू नये. पिवळ्या कार्डाची मर्यादा वर्षाला 15,000 रुपये आणि केशरीची एक लाख, या मर्यादा इतक्या जुन्या आहेत की खरे सांगणाऱ्या घरकामगाराच्या घरालाही त्या पुरत नाहीत. दुचाकी आणि टीव्ही पुण्यात घराघरांत आहेत, त्यावरून फरक कळत नाही. माणशी खोल्या किती, संडास घरात की सामायिक, नळाला पाणी किती तास, कमावत्याचे काम पगारी की रोजंदारी, यावरून जास्त नेमके कळते.

मुलाखती रुग्ण बाहेर पडताना घ्याव्यात, वेगवेगळ्या वारी आणि वेगवेगळ्या वेळी, कारण सोमवार सकाळची गर्दी आणि गुरुवार दुपारची गर्दी एकसारखी नसते. 400 मुलाखतींत एकूण टक्केवारीत वरखाली 5 अंकांची चूक राहते. एकेका पाचव्या हिश्शात सुमारे 80 जणच येतात, तिथे ती 11 अंकांवर जाते. त्यामुळे दोन शेजारच्या गटांतल्या तीन-चार टक्क्यांच्या फरकावरून वर्तमानपत्रात मथळे करू नयेत. (ही विनंती आपल्यालाही, संपादक महाशय.) आणि तुलना लोकसंख्येच्या वाट्याशी न करता आजाराच्या वाट्याशी करावी. गरीब पाचव्या हिश्शाला 24 टक्के अनुदान मिळाले म्हणून समाधान मानायचे, आणि आजाराचा 35 टक्के भार त्यांच्याच माथी असायचा, असे होऊ शकते.

या सगळ्याच्या मुळाशी सेवेची खरी किंमत माहीत असणे आहे. 20 लाखांचे यंत्र 10 वर्षे चालणार म्हणून वर्षाचे 2 लाख, इतके ते सरळ नसते. पैशाच्या वेळमूल्यासाठी, म्हणजे आजचा रुपया उद्याच्या रुपयाहून मोलाचा म्हणून, 3 टक्के दर लावला तर वर्षाला सुमारे 2,34,500 रुपये पडतात, आणि तंत्रज्ञ, वीज, देखभाल करार वेगळे. दिवसाला 12 तपासण्या आणि वर्षाला 300 दिवस चालले तर यंत्राचा भार तपासणीमागे 65 रुपये. तंत्रज्ञ पुरेसा वेळ मिळत नाही म्हणून दिवसाला 3 झाल्या तर 260. यंत्र तेच, किंमत चौपट. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने 2017 मध्ये आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापनाची, म्हणजे कोणता उपचार खर्चाच्या मानाने किती उपयोगी हे तपासण्याची, यंत्रणा सुरू केली, चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेच्या पुढाकाराने अनेक राज्यांतल्या रुग्णालयांचे खर्च मोजले गेले आणि आयुष्मान भारतच्या पॅकेजदरांच्या (एकेका उपचारासाठी रुग्णालयाला मिळणाऱ्या ठरीव रकमांच्या) फेररचनेत त्यांचा उपयोग झाला. तीच पद्धत महापालिकेच्या कमला नेहरू रुग्णालयाला लावता येते.

दर चुकले की गरीब रुग्णाला त्याची झळ लगेच बसते. पॅकेजचा दर औषधे, साहित्य, जेवण अशा वाढीव खर्चाच्याही खाली असेल तर खासगी रुग्णालय सांगते, बेड नाही. वाढीव खर्चाच्या वर पण पगार, इमारत धरून होणाऱ्या पूर्ण खर्चाच्या खाली असेल तर खाट रिकामी असेल तेव्हाच घेतात. पावसाळ्यात डेंगीची गर्दी झाली की योजनेचे रुग्ण मागे पडतात. दर फारच वर असेल तर नको त्या शस्त्रक्रिया होतात. शिवाय राष्ट्रीय योजनेत मानांकित रुग्णालयाला दरावर 10 ते 15 टक्के वाढ दिली गेली. दर्जासाठी ती योग्यच, पण अशी रुग्णालये आधीच मोठ्या शहरांत आहेत. आकांक्षित, म्हणजे केंद्राच्या यादीतल्या मागे पडलेल्या, जिल्ह्यांसाठी वेगळी 10 टक्के वाढ होती. महाराष्ट्रात नंदुरबार, वाशीम, गडचिरोली आणि धाराशिव हे जिल्हे त्यात येतात. पुणे जिल्ह्यातला डोंगराळ भाग, वेल्हे (आता राजगड) किंवा आंबेगावचा पश्चिम पट्टा, जिल्हा ‘प्रगत’ असल्यामुळे कुठल्याच यादीत बसत नाही.

मोफत सेवाही दूर राहणाऱ्या घराला कशी महाग पडते, याचे डायलिसिस हे ठळक उदाहरण. सत्र मोफत असले तरी आठवड्यातून दोनदा म्हणजे महिन्याला आठ-नऊ फेऱ्या, सोबतीचा माणूस, दोघांचे खाडे, वर फिस्टुलाची (डायलिसिससाठी हातातल्या रक्तवाहिन्या जोडण्याची) शस्त्रक्रिया आणि रक्तवाढीची इंजेक्शने. थायलंडने 2008 मध्ये घरी करता येणाऱ्या पोटातल्या डायलिसिसला पहिली पसंती दिली, त्यामागे केंद्रापासून दूर राहणाऱ्यांचा विचार आणि खर्चाचा हिशेब दोन्ही होते. आपल्याकडेही 2019 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ती पद्धत आहे. स्वच्छ पाणी आणि द्रवाच्या पिशव्या ठेवायला कोरडी जागा नसलेल्या घरात संसर्गाचा धोका वाढतो, हेही तिथेच लिहिले पाहिजे.

दोन चांगल्या प्रस्तावांत निवड करायची तेव्हा काय करावे? समजा दोघांवर एकेक कोटी रुपये खर्च येतो. पहिल्यातून शहराला निरोगी आयुष्याची 400 वर्षे मिळतात, त्यातली 20 टक्के गरीब दोन पाचव्या हिश्शांना. दुसऱ्यातून 340 मिळतात, पण 70 टक्के त्याच गटांना. पहिल्यात एक वर्ष 25,000 रुपयांना पडते, दुसऱ्यात सुमारे 29,400 ला. नेहमीचा हिशेब इथेच थांबतो आणि पहिला प्रस्ताव मंजूर होतो. पुढे जाऊन पाहिले तर गरीब गटांना पहिल्यात 80 वर्षे, दुसऱ्यात 238. इतरांना पहिल्यात 320, दुसऱ्यात 102. गरिबांच्या एका निरोगी वर्षाला इतरांच्या 1.38 पट मोल दिले की दोन्ही प्रस्ताव बरोबरीला येतात, त्याहून जास्त दिले की दुसरा सरस ठरतो. हे मोल किती असावे ते अर्थशास्त्रज्ञांनी ठरवू नये. ते सभागृहाने ठरवावे आणि इतिवृत्तात लिहावे. आज ते ठरतेच, फक्त न बोलता, आणि बहुतेक वेळा एकापेक्षा खाली.

धर्मादाय रुग्णालयांचा विषय पुण्यात वारंवार पेटतो, पण चर्चा 10 टक्के मोफत आणि 10 टक्के सवलतीच्या खाटांवरच अडते. उच्च न्यायालयाच्या 2006 च्या योजनेत पैशाचा भाग निर्धन रुग्ण निधीचा आहे: एकूण बिलांच्या 2 टक्के रक्कम त्यात जमा करायची, निर्धन रुग्णाचे बिल सर्वांत खालच्या वर्गाच्या दराने आणि औषधे, साहित्य खरेदी किमतीने लावायचे, आणि ते निधीतून वळते करायचे. त्यामुळे पाहायचे ते असे. निधीतून वळते केलेले बिल खरेच खरेदी किमतीने होते की छापील किमतीने? छापील किमतीने केले तर निधी लवकर संपतो आणि रुग्ण कमी बसतात. खाटांची टक्केवारी पूर्ण, पण त्यावर दोन दिवसांचे साधे आजार आणि अतिदक्षता विभागात एकही निर्धन नाही, असे तर नाही? खाटांच्या दिवसांबरोबर रुग्णनिहाय सरासरी रक्कम आणि विभाग प्रसिद्ध केला, तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाला आणि लोकांनाही ते एका नजरेत दिसेल.

महापालिकेच्या स्वतःच्या घरातही एक तुलना पडून आहे. कर्मचारी आणि नगरसेवकांसाठी अंशदायी वैद्यकीय योजना आहे, आणि झोपडपट्टीतल्या कुटुंबांसाठी शहरी गरीब योजना. दोन्ही हव्यात, पहिली बंद करा असे आम्ही म्हणत नाही. पण दोन्हींची तरतूद अंदाजपत्रकात एकाच पानावर, पात्र माणशी रुपयांत छापावी. समाविष्ट गावांचेही तसेच: 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे हद्दीत आली, आणि शेवटची जनगणना मात्र 2011 ची आहे. जुन्या लोकसंख्येने भागले तर पेठांचा माणशी खर्च योग्य दिसतो आणि कडेच्या गावांचा फुगून दिसतो. मतदार यादी आणि मिळकतकराच्या नोंदींवरून सध्याचा अंदाज काढता येतो. बांधकाम मजूर मात्र या दोन्ही नोंदींत नसतात, परराज्यातले असतील तर राज्याच्या योजनेतही नसतात. त्यांची गणती साइटवर जाऊन वेगळी करावी लागेल.

प्रस्तावाला जोडायच्या या हिशेबाचे जोडपत्र दोन पानांचे असावे. सेवेची एकक किंमत आणि ती कशी काढली. कोणत्या पाचव्या हिश्शाला किती अनुदान. रुग्णाच्या खिशातून खाड्यासह किती जाते. गरिबांच्या वाट्याला दिलेले मोल. ते स्थायी समितीपुढे प्रस्ताव येण्याच्या 15 दिवस आधी संकेतस्थळावर मराठीत टाकावे. पहिल्या वर्षी 50 लाखांवरच्या आरोग्य प्रस्तावांपुरते केले तरी चालेल. आणि वर्षअखेर औषध खरेदीची तरतूद दुसऱ्या कामाकडे वळवण्यासाठी वर्गीकरणाचा ठराव आला, तर त्यालाही हेच जोडपत्र लावावे, त्या औषधाचे साठा शून्य असलेले दिवस आणि दवाखान्यांची नावे यांसकट.

आपले,
आरोग्यसेवांच्या खर्चाचा अभ्यास करणारे काही पुणेकर
पुणे